हादऱ्यांच्या हिवाळ्यातला श्वास

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या गोदामाचं शटर वर जातं. मंडपवाल्याचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, ते तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. पावसाळाभर अंधारात दुमडून पडलेली छतं, कनाती, झालरी बाहेर निघतात आणि अंगणात दोऱ्यांवर उन्हाला पसरतात. त्यांना एक वास असतो. डांबराच्या गोळ्यांचा, उंदरांचा, मागच्या वैशाखातल्या हळदीचा, कुणाच्या तरी मामाने सांडलेल्या कढीचा. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी सुती कापडाचा आपला एक दमट, आंबट, झोपाळू वास. मी तो खोल ओढून घेतो. ओढताना माझ्या घशातून नकळत एक बारीक आवाज निघतो, ओहोटीचं पाणी वाळूवरून मागे जावं तसा.

"आलं तुमचं मांजर," शालिनी ओट्यावरून म्हणते. शालिनी म्हणजे माझी बायको.

मांजर नव्हे, त्याला उज्जायी म्हणतात, योगातला प्राणायाम आहे तो, असं मी तिला सांगत नाही. तिला ते माहीत आहे. शिवाय उज्जायीवर बोलण्याचा माझा हक्क एका हिवाळ्यात गेला तो गेलाच. त्या हिवाळ्यात आमच्याकडची जमीन हलत होती, आणि ज्याला स्वतःच्या नाकाने धड श्वास घेता येत नव्हता असा मी गावाला श्वास शिकवायला निघालो होतो.

आमचं गाव तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून आत. हायवेचे ट्रक आमच्या कानांच्या सवयीचे. म्हणून पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. खडीचा डंपर कुणीतरी जवळच रिकामा केला, एवढंच. मग फळीवरचे पेले एकमेकांना लागले. मग कुत्री. मग हळूहळू सगळ्यांना समजलं की हा डंपर जमिनीच्या खालून चाललाय. आमच्याकडचा हादरा आधी कानांनी येतो, मग पायांनी. आधी गडगड, मग झटका. त्या दोहोंच्या मधे जो एवढासा वेळ असतो, त्यात माणूस काय काय करतो! कोणी देवाचं नाव घेतो, कोणी पोर उचलतो. मी एकदा टीव्ही उचलला होता. शालिनी ते अजून पाहुण्यांना सांगते.

भात कापून झालं होतं. खळ्यांवर झोडणी चालू होती आणि पेंढ्याच्या पिवळ्या धुरळ्यात माणसं मधूनच थबकून उभी राहायची, हातातला भारा वर तसाच. ऐकत. काही नसलं की भारा खाली यायचा. घरात निजायला कुणी तयार होईना. सरकारी तंबू आले, पण आले तेवढे आले. मग मी माझा मंडप काढला. तसंही कोण लग्न करत होतं तेव्हा? सायवनचं एक पुढे ढकललं गेलं, दुसऱ्या एकाने सुपारीच परत नेली. गावाच्या मोकळ्या जागेत मी मोठा मंडप ठोकला, लाल-पिवळ्या छताचा, खाली ताडपत्री, त्यावर सतरंज्या. कमानीवरची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं फेविकॉलने इतकी पक्की बसली होती की निघेनात. तेव्हा आमचं अख्खं गाव हिवाळाभर शुभविवाहाखाली झोपलं. सकाळी ऊन त्या छतातून खाली उतरलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे हळद लागल्यासारखे दिसायचे.

आणि अशात पूर्वा आली.

पूर्वा आमची एकुलती एक. वसईला दिलेली. सातवा लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ह्यात आमच्याकडे चर्चा नसते. तिच्या सासूबाईंचा मला फोन आला होता.

"अहो, तुमच्याकडे जमीन हलते म्हणे. टीव्हीवर दाखवत होते."

"टीव्हीवर जरा जास्तच हलते, विहीणबाई."

"नाही म्हणजे, इथेच ठेवलं असतं तिला..."

"आमचं काय पत्त्यांचं घर आहे का? स्लॅब आहे स्लॅब! पूर्वा माहेरी येणार म्हणजे येणार."

स्लॅब होता हे खरं. त्या स्लॅबखालच्या आतल्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर, एक तडा गेला होता हेही खरं. पण मंडपवाल्याच्या धंद्याचं एक ब्रीद असतं. जे दिसायला नको, त्यावर कापड टाका. मोडक्या भिंतीवर कनात, गंजक्या पाइपावर झालर, नवरदेवाच्या रुसलेल्या आत्यासमोर फुलांची कुंडी. मी गोदामातून सोनेरी काठाची मरून सॅटिन काढली आणि त्या भिंतीवर छान चुण्या पाडून ठोकली.

पूर्वा दारात उभी राहून बघत राहिली. "पप्पा, खोलीत कुणाचं लग्न आहे?"

"तुझं स्वागत आहे, वेडे."

ती हसली. मला वाटलं, जमलं.

दिवसा ती त्या खोलीत पडायची, संध्याकाळ झाली की मंडपात. गडगड आली की तिचा श्वास वरच्या वरच व्हायचा, चिमणीसारखा, आणि हात पोटाखाली जायचा. मी "काही नाही, काही नाही" म्हणत राहायचो. काही नाही म्हणता म्हणता माझ्याच घशात चिकूची बी अडकल्यासारखं होऊ लागलं. पाणी प्यायलं तरी हलेना, खाकरलं तरी हलेना. तलासरीच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं.

"घशात काही नाही, काका. तुम्ही घसा आवळून धरलाय."

"मी? कशाला धरीन?"

"ते तुम्हाला ठाऊक."

पूर्वाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हलका, सावकाश श्वास तिला बरा. श्वास रोखायचा मात्र नाही. दोघांचं एकच औषध निघालं. मंडपाच्या टेम्पोत बसून आम्ही बापलेक डहाणूला हंसाबेनच्या वर्गाला जाऊ लागलो.

नरपडच्या रस्त्याला एका चिकूच्या वाडीत त्यांचा हॉल होता. खिडक्यांबाहेर चिकूची गर्द, काळपट हिरवी सावली, आणि समुद्राकडचा वारा सुटला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास थेट आत. "नाकाने दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की आधी बोंबील आत यायचा, मागून प्राणवायू. हंसाबेन जन्मात मासळीला शिवलेल्या नाहीत, पण वाऱ्याला त्यांची काही तक्रार नव्हती. सत्तरीच्या, हाडाने बारीक, पायात लोकरीचे मोजे. मराठी बोलायच्या ती गुजरातीच्या उतारावरून घसरत यायची.

"तोंड बंद. चश्मा पुसाला आपण काचेवर हाऽ करते ना? तसाच हाऽ, पण तोंड बंद ठेवून. गळ्याच्या मागे. घेताना पण, सोडताना पण. थोडंच, भाई, थोडंच."

आता मला थोडंच करता येत नाही. मंडपवाल्याला ताण कळतो, सैल कळत नाही. सैल दोरी म्हणजे पडलेला मंडप, आणि पडलेला मंडप म्हणजे वरबापाच्या डोक्यावर आपलं नाव. मी डोळे मिटले, जबडा आवळला, खांदे कानांपर्यंत नेले आणि घशातून असा काही श्वास ओढला की शेजारच्या पेन्शनर गृहस्थांनी डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिलं. काँक्रीट मिक्सर आला की काय, म्हणून.

"भाई," हंसाबेन माझ्यासमोर येऊन बसल्या, "तुमी श्वास घेते का श्वासाची कॉलर पकडते?"

वर्ग हसला. पूर्वाही.

"जोर नाय लावाचा. आवाज आपल्याला ऐकाला आला, पुरे. बाजूवाल्याला ऐकाला आला म्हणजे तुमी भांडण करते. गळा दुखला, डोकं जड झालं, चक्कर आली, तर सोडून द्याचं. श्वास काय पळून जाते?"

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाईमाणसाला इतपत पुरे. आपल्याला रिझल्ट पाहिजे. फुकट येणाऱ्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता. घाम निघाला नाही तर गुण कसा येणार? घरी जाईपर्यंत घसा खरखरीत झालेला असायचा आणि मी त्यालाच प्रगती समजायचो.

पूर्वाला ते पहिल्याच दिवशी जमलं. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, कपाळावर एक आठी नाही. मी निरखून बघत होतो.

"करतेस का नुसतीच बसलीस?"

"करतेय."

"मला काही ऐकू येत नाही."

"मला येतंय ना पप्पा."

ह्या वाक्यात काय होतं ते मला कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच, की पोरगी शिकली, आता गाव शिकवू.

एखादी विद्या अर्धी आली की माणूस लगेच वर्ग काढतो. माझ्याकडे तर मंडप तयार होता, विद्यार्थी त्यातच झोपलेले होते, आणि वर माझा स्वतःचा साउंड होता. आमचा काशिनाथ, बांबूवर खारीसारखा चढणारा माझा जुना गडी, म्हणाला, "शेठ, श्वासाला माइक कशाला?"

"मागच्या रांगेला ऐकू जायला नको?"

"मागच्या रांगेत गोदीआजी बसते. तिला लग्नातला बँड ऐकू जात नाही."

मी कॉलरचा माइक लावलाच. सकाळची वेळ. बायकांनी बाहेर चुली पेटवल्या होत्या, चहाचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा वास होता. पाच-पन्नास माणसं पिवळ्या उजेडात मांडी घालून बसली होती, अर्धी झोपेत, अर्धी कौतुकात. मी हंसाबेनसारखं शांत बोलायचा प्रयत्न केला. चष्मा, काच, हाऽ, तोंड बंद, सगळं सांगितलं. "थोडंच" मात्र सांगायचं राहिलं. आणि तपासायचं राहिलं आणखी एक: हादरे सुरू व्हायच्या आधी गंजाडला एका हळदीत हाच साउंड वाजला होता आणि त्याचा बेस पोरांनी शेवटापर्यंत पिळून ठेवला होता.

"बघा आता," मी म्हणालो, आणि जबडा आवळून, खांदे वर घेऊन, सगळ्या ताकदीनिशी घशातून श्वास ओढला.

दोन्ही बाजूंच्या माणसाएवढ्या खोक्यांतून गडगड बाहेर पडली. खालून, पोटातून, अगदी तीच. मला स्वतःलाही वाटलं, आली! त्या भीतीने मी आणखी मोठा श्वास ओढला आणि आणखी मोठी गडगड आली. मंडप उठला. चहाची पातेली उपडी झाली, पोरं काखेत गेली, सतरंज्या पायांत आल्या. जिला बँड ऐकू जात नाही ती गोदीआजी सगळ्यांच्या पुढे शेतात होती. आणि घरात आंघोळीची तयारी करणारी पूर्वा, तो आवाज ऐकून, ओले पाय घेऊन दारातून धावत बाहेर आली. घर आणि मंडप ह्यांच्यामधे कनातीची दोरी होती. मी स्वतः ताणून बांधलेली. तारेसारखी.

ती हातांवर आणि गुडघ्यांवर पडली.

शालिनीची किंकाळी आधी ऐकली, मग बघितलं. मग लक्षात आलं की पेले वाजत नाहीत, कुत्री भुंकत नाहीत, जमीन गप्प आहे. सगळं गाव शेतात उभं राहून ऐकत होतं, आणि ऐकू येत होती ती एकच गोष्ट. माझी धाप. कॉलरला माइक तसाच होता. भ्यालेल्या, चुकलेल्या माणसाची धाप दोन्ही खोक्यांतून गावभर, शेतांवर, पार हायवेकडे चालली होती. काशिनाथने धावत येऊन वायर ओढली तेव्हा ती थांबली.

पुढे त्याने मला बरेच दिवस सुनावलं. "शेठ, हा बेस लग्नात निघाला असता तर गिऱ्हाईकं बोंबलली नसती." गाव हसायला लागलं तेही लगेच, दुसऱ्या दिवसापासून. गावाला हसायला काहीतरी हवंच होतं. पण त्या सकाळी कुणी हसलं नाही.

दवाखान्याकडे निघालेल्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं. पूर्वा मधे, पलीकडे शालिनी. मी गाडी चालवत होतो आणि पूर्वाचा श्वास ऐकत होतो. पुन्हा तोच वरच्या वरचा, चिमणीचा.

"घशातून घे बेटा, लांब घे, मी सांगतो तसा..."

"पप्पा, तुम्ही गप्प बसा ना."

माझी मुलगी माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. तिने मान मागे टेकली, डोळे मिटले, हात पोटाखाली. रस्त्याला खड्डे होते, ते मी जिवाच्या कराराने चुकवत होतो. थोड्या वेळाने तिच्या नाकपुड्या सावकाश हलताना दिसल्या. आवाज नव्हता. निदान मला येणारा नव्हता.

"हललं का गं?" शालिनीने हळू विचारलं.

पूर्वाने मान हलवली. नाही.

त्या हिवाळ्यात गावात जो तो हाच प्रश्न विचारायचा, हललं का, आणि 'नाही' ऐकलं की सुटकेचा श्वास टाकायचा. तलासरीच्या त्या रस्त्यावर ते 'नाही' कसं ऐकवलं मला, ते मी कुठल्याच बैठकीत रंगवून सांगू शकलेलो नाही. बाकी सगळं सांगतो. टीव्ही उचलल्याचं सांगतो, गोदीआजी सांगतो, मिक्सर सांगतो. ह्या जागी आलो की चहा मागवतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर गार मलम लावलं आणि एक लहानसं यंत्र फिरवायला सुरुवात केली. त्याला काड्यापेटीएवढा स्पीकर. आधी नुसती खरखर. इकडे खरखर, तिकडे खरखर. शालिनीने माझं मनगट धरलं होतं. त्यावर नंतर दोन दिवस वळ होते. मग त्या खरखरीतून, दूरच्या रस्त्यावरून घोडं दौडत यावं तसा, टपटप टपटप आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"बाळ ठीक आहे. आजचा दिवस इथेच थांबू दे. पडली कशी?"

शालिनीने माझं मनगट सोडलं.

"दोरीत पाय अडकला," पूर्वा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. मी तिची पिशवी आतल्या खोलीत ठेवली, उशी सारखी केली, उगाचच पंख्याचं बटण दाबून बंद केलं. ती खाटेवर बसली नाही. भिंतीकडे गेली आणि माझ्या सुंदर चुण्यांची मरून सॅटिन तिने एका कोपऱ्यातून वर उचलली.

"पप्पा, आले तेव्हा ह्यात नख जात होतं," ती म्हणाली. "आता बोट जातं."

आणि तिने ते घालून दाखवलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. भिंतीवर कापड तुम्ही उगाच लावाल का?"

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही वसईच्या आईंना फोनवर इतक्या जोरात सांगितलं होतं, स्लॅब आहे म्हणून." तिने बोट बाहेर काढलं. "मला वसईला जायचंय. मला इथे श्वासच येत नाही, पप्पा. तिकडे वर्गात येतो, गाडीत येतो. इथे नाही येत."

मी जे बोललो ते सगळं तुम्हाला पाठ असेल. पहिलं बाळंतपण. लोक काय म्हणतील. विहीणबाईंना काय तोंड दाखवू. माहेराने मुलगी परत पाठवली, असं कुठे कुणी ऐकलंय का. बोलताना माझा घसा आवळत चालला होता आणि आवाज चढत चालला होता, आणि पूर्वा पुन्हा चिमणीसारखा श्वास घ्यायला लागली होती. मला ते दिसत होतं. दिसत असून मी बोलत होतो.

"माहेर म्हणजे काय हो?" शालिनी दारातून म्हणाली. "ही भिंत?"

"तसं नाही गं, पण..."

"माहेर म्हणजे आई. मी जाते तिच्याबरोबर. बाळंतपण मीच करीन, वसईला करीन."

"जावयाच्या घरी राहशील? दोन-तीन महिने? तुझ्या आईने तर पूर्वा होईपर्यंत ह्या घरचं पाणी घेतलं नव्हतं."

"नव्हतं घेतलं. दारातून बघून जायची मला. आत मी रडत असायचे." ती फळीवरचा डिंकाचा डबा काढायला वळली. "तुमच्या विहीणबाईंना मी फोन केलाय. तुम्ही भिंतीशी भांडत होता तेव्हा."

अशा रीतीने माहेर माझ्या टेम्पोत चढलं. डिंक, अळीव, खारीक, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, शेगडी, आणि तेलाची बाटली शालिनीच्या मांडीवर. वसईला विहीणबाई जिन्याखाली उभ्या होत्या. मी टोमण्याची तयारी करूनच उतरलो होतो. त्या म्हणाल्या, "या. आमच्याकडे जमीन हलत नाही, पण पाणी एक दिवसाआड येतं. बादल्या भरून ठेवल्यात." आणि शालिनीच्या हातातली शेगडी त्यांनी घेतली. मी जिन्यातच घुटमळत होतो. वर आल्यावर जावयांनी पाणी आणलं, ते मी प्यायलो. नियम मोडायचेच होते तर तहान कशाला धरा?

मग उरलेला हिवाळा मी एकटा. घर रिकामं, मंडप भरलेला. काशिनाथची बायको भाकरी पाठवायची. हादरे चालूच होते. दोन दिवस काही नाही, मग एकदम तीन. एका दुपारी मी खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसलो होतो. झोडणी संपलेली, उन्हात पेंढा तडतडत होता. मी ऐकत होतो, येतेय का, येतेय का. आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की मी श्वास घेतलेलाच नाही. केव्हापासून, कोण जाणे. ऐकायचं म्हटलं की माणूस श्वास धरतो. समोर रस्त्याने एक बाई हंडा घेऊन चालली होती, तीही मधेच थांबली, मान वाकडी करून. तिचा पदर छातीवर हलत नव्हता. तेव्हा कळलं की आमचं अख्खं गाव महिनेच्या महिने असं श्वास धरून बसलंय. कोणी शिकवलं नव्हतं. मी तर त्यावर आणखी जोर लावायला शिकवणार होतो!

मी श्वास सोडला. घ्यायचा प्रयत्न केला नाही; तो आपला आपण आत आला, आणि वाटेत घशाला किंचित घासून गेला. आवाज झाला, जेमतेम. पेंढ्यावरच्या चिमणीलासुद्धा कळला नाही. पुन्हा गेला, पुन्हा आला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते पेंढ्याच्या धुरळ्याचं असणार. कुणाला सांगायला गेलो नाही. हंसाबेनना फोन करून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार, की काही केलं नाही म्हणून?

स्वरा वसईला झाली. बारशाला मी मंडप घातला नाही. तिथे जागाच नव्हती.

भिंत नंतर मी नीट करून घेतली. इंजिनीयर आणला, लोखंड घातलं, प्लास्टर केलं. वर कापड लावलं नाही. हादरे कमी झाले. संपले म्हणवत नाही; अजूनही एखाद्या वर्षी, एखाद्या दुपारी, पेले एकमेकांना लागतात आणि आम्ही सगळे काही न बोलता अंगणात येऊन उभे राहतो. पूर्वा येते. दिवाळीला येते, चिकू उतरतात तेव्हा येते, सकाळच्या गाडीने. आणि दिवेलागण व्हायच्या आत निघते. इतकी वर्षं ती माहेरी एकदाही झोपलेली नाही.

सुरुवातीला मी आग्रह केला. आता काय भीती, राहा ना, बघ तरी भिंत, हात लावून बघ. असा आग्रह केला की पुढच्या खेपेला ती उशिरा यायची आणि लवकर जायची. मग मी सोडून दिलं. म्हणजे तोंडाने सोडलं. आत दर वेळी तिच्या चपलांकडे बघत बसायचो.

ह्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी दोघी आल्या. स्वरा दिवसभर काशिनाथच्या मागे हिंडली, ऊन खाल्लं, दोन ताटं भात खाल्ला, आणि संध्याकाळी ओट्यावरच्या बाजेवर जी पडली ती मेल्यासारखी झोपली. गाडीची वेळ झाली. पूर्वाने तिला एकदा हाक मारली. मग दुसरी मारली नाही. तिच्या कपाळावरचे केस बाजूला करत बसून राहिली. पश्चिमेकडे ऊन विझत आलं होतं. शालिनी चुलीपाशी उभी, हातात चहाचं गाळणं.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. आतल्या खोलीत पंखा नवा आहे. गादी उन्हात घातलीय. भिंत बघ. मी जबडा सैल सोडला, खांदे खाली सोडले. त्या जिभेला गप्प बसवायला जितका जोर लागला असेल तितका आयुष्यात कुठल्या दोरीला लावला नव्हता. हंसाबेन समोर असत्या तर त्यांनी पुन्हा नापास केलं असतं.

"आई," पूर्वा म्हणाली, "खिचडी टाक जरा जास्त. आज नाही निघत आम्ही."

शालिनीने गाळणं खाली ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं की आता एक शब्द बोललात तर बघा.

"पण बाहेर झोपू," पूर्वा म्हणाली. "अंगणात."

"थंडी आहे, गोधड्या दोन लागतील," मी एवढंच म्हणालो.

बाजेचं एक टोक मी धरलं, एक काशिनाथने, आणि स्वराला न उठवता आम्ही ती पायऱ्यांवरून अंगणात उतरवली. आतल्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही.